एक मीटर माया

मी नांगर बोलतोय. शेतातला नव्हे, होडीचा. नाव एकच असलं तरी आमची कुळं वेगळी. तो नांगर चालला की घरादाराला आनंद होतो. मी चाललो की बोंब होते. माझं काम म्हणजे एका जागी गच्च बसायचं. आयुष्यात तेवढं एकच काम, आणि तेही एका दुपारी माझ्याकडून झालं नाही. तेव्हापासून मी मान खाली घालून बोलतो. ऐकू येत नसेल तर जवळ सरका. मी पुन्हा पुन्हा सांगत बसणार नाही.

मला शाळा माहीत नाही. लोहाराची भट्टी हीच माझी शाळा. लोहार महातिरसट. एक घण मारायचा आणि एक शिवी हासडायचा, त्यामुळे दोन्ही माझ्या अंगात सारखीच मुरली आहेत. एक कणा, त्याला दोन हात, हातांना टोकदार पंजे आणि डोक्यात कडी. झालो तयार. नटवेपणा नाही की नक्षी नाही.

पहिला मालक म्हातारा कोळी. त्याच्याकडे सतरा वर्षं होतो. वाळूत बसलो, चिखलात बसलो, दगडांत अडकलो, पण घसरलो कधी नाही. त्याने मला कधी शाबासकी दिली नाही. नांगराला कोण शाबासकी देतं? मला पाण्यात सोडलं की तो टोपी तोंडावर घेऊन निवांत पडायचा. तीच माझी शाबासकी. पुढे त्याचे गुडघे गेले. त्याने होडी दिली आणि होडीबरोबर मलाही दिलं. जाताना माझ्या डोक्यावर थोपटून नव्या मालकाला म्हणाला, "हा कधी दगा द्यायचा नाही."

ते वाक्य मला आजही टोचतं.

नवा मालक शिंपी. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. अंगाने काडी, गळ्यात मापाची टेप. ती टेप तो होडीवरसुद्धा काढायचा नाही. एका अरुंद गल्लीत त्याचं दुकान. दोन मशिनं, एक कापायचं टेबल, एक आरसा, एक इस्त्री. पुढच्या मशीनवर मास्तर, मागे त्याची बायको. ती काजं, बटणं आणि तुरपाई बघायची. मास्तरचं मशीन भिंतीला लावलेलं. मान वर केली की समोर भिंत. चाळीस वर्षं त्या माणसाने भिंतीकडे तोंड करून शाळेचे गणवेश शिवले. मग एक दिवस त्याच्या मनाने घेतलं की राहायचं तर होडीवर. मशीन खिडकीशी लावायचं, मान वर केली की पाणी दिसलं पाहिजे. लोकांची फाटकी शिडं शिवायची आणि आज इथे तर उद्या तिथे मुक्काम करायचा.

होडी रंगवायला काढली तेव्हा मला दुकानात आणून ठेवलं होतं, म्हणून पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मास्तरने कापायचं टेबल भिंतीला सरकवलं आणि खडूने होडीची खोली जमिनीवर आखली. अगदी खऱ्या मापाची. इथे मशीन, इथे शेगडी, इथे पलंग. मग बायकोला म्हणाला, "ये, आत ये. चपला काढून ये."

ती आली. उभी राहिली. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे बघितलं.

"अहो, आणि मी वळायचं कुठे?"

"वळायचं कशाला? सगळं हाताशीच आहे ना."

"भांडण झालं तर रुसून कुठे जाऊन बसू? पाण्यात?"

"डोलकाठीवर चढ."

ती हसली. पण बाहेर पडताना खडूच्या रेघेवर पाय पडू नये म्हणून तिने पाय उचलून टाकला, तेही मी पाहिलं. मशीनशी जाऊन सुईत दोरा ओवत म्हणाली, "हे बघा, मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही नीट शिका. मग मला एक दिवस घेऊन चला. त्या होडीत एक जेवण मला शांतपणे जेवता आलं, पहिल्या घासापासून हात धुवेपर्यंत, तर दुकान बंद करायला मी तयार आहे. पण एक जेवण पूर्ण."

"बस? एवढंच?"

"तुम्हाला एवढंच वाटतंय."

शिकवायला एक बाई होती. तिचं नाव कुणी घेत नसे, सगळे बाईच म्हणत. आवाज असा की समोरच्या काठावरचे कुत्रे उठून बसत. दर रविवारी ती मास्तरला आमच्याच होडीवर शिकवायची. मी पुढे पडून सगळं बघायचो.

काय सांगू त्याची तऱ्हा! सुकाणू डावीकडे ढकललं की होडी उजवीकडे जाते, हे समजायला त्याला चार रविवार लागले. वारा फिरला की शिडाखालची आडवी काठी सरकन इकडून तिकडे जाते. ती त्याच्या टाळक्यात इतक्यांदा बसली, की बाई म्हणाली, "मास्तर, या काठीला तुमच्या डोक्याचं माप मिळालं बघा." गाठी मारायचा त्या शिंप्याच्या. एकदा मारली की सुटायची नाही, कापावीच लागायची. आणि घाबरला की त्याचा उजवा पाय आपोआप खालीवर व्हायचा, मशीन चालवल्यासारखा.

"पाय थांबवा," बाई ओरडायची. "होडी वाऱ्यावर चालते, पायावर नाही."

पण सगळ्यात वाईट खोड म्हणजे तो काही विचारायचा नाही. बाईने विचारलं, "कळलं का?" की हा म्हणायचा, "कळलं." पाय मात्र खालीवर. बाई गेली की होडी पुसता पुसता स्वतःशी बडबडायचा, "चाळीस वर्षं लोक मास्तर म्हणतात. आता कळलं नाही म्हणून कुठल्या तोंडाने सांगू?"

तरी तो शिकला, हे कबूल करतो. पावसाळा संपून उन्हाळा येईतो तो एकटा शीड चढवायला लागला. गालावर वारा ओळखायला लागला. मग बाईने त्याच्याकडून तीस मीटरचा नवा दोर आणवला. पांढरा, मधून एक निळा धागा गेलेला. तो माझ्या कडीत अडकवून म्हणाली, "नीट ऐका. आधी पाण्याची खोली मोजायची. खोलीच्या पाचपट दोर सोडायचा. दोर लांब असला की होडीची ओढ आडवी येते आणि नांगर खाली रुतत जातो. आखूड असला की ओढ वरून येते आणि तोच नांगर उपटून निघतो. पाच मीटर खोल, तर पंचवीस मीटर दोर. कळलं?"

"कळलं."

मी पायाकडे बघितलं. चालू होता.

आता इथे शिंप्याचं डोकं कसं चालतं ते सांगितलं पाहिजे. कापड विकणारा नेहमी वाढवून सांगतो, ही मास्तरची चाळीस वर्षांची पक्की समजूत. त्याने अडीच मीटर सांगितलं की मास्तर दोन मीटरमध्ये बसवायचा आणि उरलेल्यात गिऱ्हाइकाला टोपी शिवून द्यायचा. गल्लीत त्याचं नाव होतं ते त्यावरच. त्यामुळे बाईचं पाचपट त्याला कापडवाल्याचं पाचपट वाटलं.

ज्या खाडीत बायकोला न्यायचं होतं तिथे त्याने सुतळीला वजन बांधून सोडलं आणि भिजलेली सुतळी टेपेने मोजली. पाच मीटर भरली. दुकानात आला, तीस मीटर दोर टेबलावर पसरला आणि कात्री घेतली. पाच मीटर खोली, वर एक मीटर माया. शिंप्याच्या भाषेत माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. अंग भरलं तर उसवून सैल करता येतं. सहा मीटरवर त्याने दोर कापला. दोन्ही टोकं मेण लावलेल्या दोऱ्याने अशी सुबक बांधली की बघत राहावं. उरलेला चोवीस मीटर दुकानात आडवा, दुहेरी तिहेरी ताणला आणि त्यावर तयार कपडे टांगले.

मी समोरच होतो. मला कळत होतं. नांगराला बोलता येत नाही ही माझी सबब, आणि ती खोटीही नाही. पण त्या वेळी मला बोलावंसंही वाटलं नाही. सतरा वर्षं मी घसरलो नव्हतो. मनात म्हटलं, सहा तर सहा, मी धरतो की. त्याला कात्रीचा माज होता, मला पंजांचा.

तो दिवस उजाडला. ऊन होतं, वारा मंद होता. बायको टोपी घालून आली. हातात डबा होता. मास्तरने शीड नीट चढवलं, नीट उतरवलं, एकदाही डोकं आपटून घेतलं नाही. खाडीत मला सोडलं. मी तळाला टेकलो, दोर सरळ वर उभा. मला जरा विचित्र वाटलं, जणू कुणी मानगूट धरून उभं केलंय. पण वारा नव्हता, म्हणून निभावलं.

वर तिने डबा उघडला. चार घास झाले असतील. मी दोरातून ऐकलं, ती म्हणाली, "बरं वाटतंय हो इथे."

मास्तर म्हणाला, "मग? मी काय सांगत होतो?"

आणि वारा फिरला.

होडीने एक हिसका दिला आणि मी उभाच्या उभा उचलला गेलो. पुन्हा टेकलो, पुन्हा उचलला गेलो. एका दगडाच्या फटीत माझा एक पंजा शिरला होता. सतरा वर्षांत मी असे कितीतरी दगड धरले होते. तिसऱ्या हिसक्याला तोही सुटला. त्यापुढे मी नांगर उरलो नाही, दोराला बांधलेलं ओझं झालो. मागे मागे खरडत गेलो. वर काय झालं ते मी नंतर दुकानात ऐकलं. मास्तरने शीड चढवायला घेतलं, पण पाय चालू झाला आणि हात थांबले.

होडी गेली ती थेट प्रवासी बोटीच्या धक्क्यावर. दुपारच्या बोटीला उभी असलेली सगळी माणसं तिथे होती. त्यातल्या निम्म्यांच्या अंगावर या दोघांनीच शिवलेले कपडे. होडी धक्क्याला धडकली, डबा पाण्यात गेला, बायकोची एक चप्पल गेली. हातात चमचा तसाच. दोघातिघांनी तिला बखोटीला धरून वर ओढलं. कुणीतरी हसलं. तिचा धाकटा भाऊही गर्दीत होता. तो ओरडला, "भाऊजी, नांगर टाकला होता की नाही?"

मास्तर होडीत उभा होता. कान लालभडक. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याने माझा दोर ओढला, शेवाळ लागलेला मी वर आलो, आणि तो मोठ्याने म्हणाला, "नांगरच भिकार निघाला. हलका आहे."

झालं. एवढंच. बायकोने चमचा टोपीत ठेवला आणि एका पायात चप्पल घालून घरी चालत गेली.

होडी किनाऱ्यावर ओढून तिच्यावर ताडपत्री टाकली. खडूची रेघ कुणी पुसली नाही, ती झाडलोटीत आपोआप गेली. मला मास्तरने सहा मीटर दोरासकट दुकानात आणलं आणि दाराला लावलं. म्हणाला, "निदान दार तरी धरेल."

दोन वर्षं मी दार धरलं. गिऱ्हाईक आलं की विचारायचं, "हा इथे कसा?" मास्तर न बघता म्हणायचा, "हलका निघाला." मेहुणा आला की दारात थांबून माझ्याकडे वाकायचा, "काय हो भाऊजी, दार तरी जागेवर आहे ना?" मास्तर खाली मान घालून मशीन चालवायचा.

आणि मला बरं वाटायचं. ही माझी दुसरी लाज. येता जाता त्याच्या पायाचा अंगठा माझ्यावर आपटावा म्हणून मी वाट बघायचो. आपटला की मला गार वाटायचं. हलका काय? घे! त्याच्या नखाखाली रक्त साकळायचं आणि हा शब्द न काढता बसायचा. कधी मला उचलून बाहेर टाकलं नाही. तो का टाकत नव्हता, हे मला तेव्हा समजायला हवं होतं.

मग एक दिवस बाई दुकानात आली. तिची विजार कमरेत घट्ट झाली होती.

"सैल होईल का हो?" तिने मास्तरच्या बायकोला विचारलं. "आत माया आहे का बघा जरा."

बायकोने शिवण उलटून बघितली. "आहे की, दोन बोटं. आमचे हे माया भरपूर सोडतात."

बाई बसली. तिची नजर माझ्यावर पडली. उठून तिने मला कणा धरून उचललं, तोललं. "हा दाराला? अहो, हा तर चांगला वजनदार आहे."

"हलका आहे ना तो? त्या दिवशी घसरला."

"हा? हा कसा घसरेल? दोर किती सोडला होता?"

"ते मला काय माहीत? किती लागतो?"

"खोलीच्या पाचपट. तीस मीटर आणवला होता मी." बाईने माझ्याभोवतीचं वेटोळं हातात घेतलं. "हा एवढाच?"

मास्तरचं मशीन थांबलं. बायकोने दोर बघितला. पांढरा, मधून निळा धागा, टोकाला मेणाच्या दोऱ्याचे टाके. त्या टाक्यांचा हात तिने झोपेतही ओळखला असता. मग तिने हळूच मान वर केली. डोक्यावर शाळेचे बारा गणवेश त्याच दोरावर लटकत होते. दोन वर्षं रोज तिथे तिचा हात जात होता.

ती बाईला म्हणाली, "उरलेला असेल कुठेतरी. आमच्याकडे पसारा फार. विजार शुक्रवारी घेऊन जा."

अशी बायको. बाईसमोर झाकून नेलं. मी असतो तर चारचौघांत ओरडलो असतो.

बाई गेली. बायकोने एकेक गणवेश काढून घडी घातला, दोर सोडवला, टेबलावर आणला आणि टोकाला टोक लावलं. कात्रीचा तिरका काप दोन्हीकडे जुळला. मग तिने मास्तरच्या गळ्यातली टेप ओढून घेतली आणि मोजलं.

"चोवीस."

मास्तर भिंतीकडे बघत होता.

"अहो, बाईच्या विजारीला दोन बोटं माया सोडता. माझ्या जिवाला किती सोडलीत?"

"एक मीटर," तो म्हणाला. "मला वाटलं, बाई वाढवून सांगतेय."

"चुकलं तर चुकलं. शिकणाऱ्याचं चुकतं. पण धक्क्यावर त्या नांगराचं नाव का घेतलंत?"

"सगळे बघत होते ना."

"मीही बघत होते."

मी दारात पडून होतो. वाटलं होतं, खरं बाहेर आलं की माझी छाती फुगेल. तसं काही झालं नाही. त्याच्या अंगठ्याचं काळं नख मला दिसत होतं.

पुढच्या रविवारी ती टोपी घालून निघाली. "कुठे?" त्याने विचारलं.

"बाईकडे. मी शिकणार. काजं-बटणं तुम्ही करा."

सहा महिने ती शिकली. तिचं एक बरं होतं, कळलं नाही की ती सरळ म्हणायची, "कळलं नाही, परत सांगा." इकडे मास्तर तिच्या मशीनवर बसून बटणं लावायचा आणि ती संध्याकाळी येऊन निम्मी उसवायची. त्याच दिवसांत मेहुणा एकदा आला. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. दारात वाकून म्हणाला, "काय भाऊजी, हलका नांगर काय म्हणतोय?"

मास्तर उठून उभा राहिला. पाय खालीवर चालू होता. म्हणाला, "नांगर हलका नव्हता. दोर मी कापला. बाईने पंचवीस सांगितला होता, मी सहाच सोडला. आणि दोष याच्यावर घातला." मग खाली बसला. कान त्या दिवशीसारखेच लाल. मेहुण्याला हसायचं होतं, पण त्याला जमलं नाही.

मास्तरच्या बायकोने काजाचा टाका थांबवला नाही. फक्त म्हणाली, "चहा ठेव रे, आलाच आहेस तर."

आज सकाळी तिने माझ्या कडीतून सहा मीटरचा तुकडा सोडवला आणि चोवीसचा बांधला. तुकडा मास्तरच्या हातात दिला. "हा टांगा वर. कपडे चार कमी मावतील. रोज दिसत राहील."

"आणि दार? दाराला काय लावू?"

"वीट लावा."

त्याने वीट लावली. मग खाली बसून माझ्या पंजांवरचा अडीच वर्षांचा गंज ब्रशने खरडला. एक शब्द बोलला नाही. मला ते आवडलं, लाडीगोडी मला सोसत नाही. ती मला उचलायला वाकली तेव्हा त्याने हळूच विचारलं, "मी येऊ का?"

"मग डबा कोण धरणार?"

तर असं आहे. तुम्ही कुणाला खाली सोडणार असाल, त्याच्या भरवशावर वर बसून जेवणार असाल, तर दोर देताना हात आखडता घेऊ नका. आणि ज्याला सोडलंय, त्यानेही माज करू नये. सांगायचं होतं ते एवढंच.

मी आत्ता त्याच खाडीच्या तळाशी आहे. दोर वाळूवर लांबच लांब आडवा पडलाय. सुकाणू तिच्या हातात होतं, मला सोडलं त्याने. सोडताना मोठ्याने मीटर मोजत होता, चोवीसपर्यंत. आज ओहोटी आहे, खोली साडेचारच भरली, म्हणून चोवीस पुरले. आता वर डबा उघडलाय. चमचा वाजल्याचं दोरातून ऐकू येतंय. वारा मघाशी फिरला. ओढ आली, आडवी आली, आणि मी कोपरापर्यंत आत गेलो.

जेवण अजून संपलेलं नाही. हात धुवेपर्यंत, असं ठरलंय. आता मला बोलतं करू नका. मी कामात आहे.